एक फूट म्हणजे अर्धा इंच: आपल्या रस्त्यावरच्या ट्रकचं मॉडेल कसं बनवायचं

(या भागाचं बोलणं जसंच्या तसं, थोडंफार सफाई करून.)

आजचा विषय ट्रक. खरा नाही, हातात मावणारा. स्केल मॉडेल. म्हणजे खेळणं नव्हे. खऱ्या गाडीचं प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान करून बनवलेली प्रतिकृती.

मागच्या काही भागांवर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "दादा, टाटाच्या जुन्या ट्रकचं किट कुठं मिळेल?" उत्तर एका वाक्यात देतो. तसं किट मिळत नाही. आणि का मिळत नाही हे कळलं, की मॉडेल कसं बनवायचं हेसुद्धा निम्मं कळतं. म्हणून आज आधी 'का' आणि मग 'कसं'.

किट का नाही

बाहेरच्या ट्रकांची किट भरपूर आहेत. इटलीची इटालेरी कंपनी १:२४ मध्ये स्कॅनिया, व्होल्वो, मर्सिडीज देते. जपानची तामिया १:१४ मध्ये रिमोटवर चालणारे ट्रक देते. अमेरिकेच्या एएमटीचं पीटरबिल्ट ३५९ हे १:२५ मधलं किट तर या छंदातलं जुनंजाणतं नाव आहे. हे जमतं, कारण ते ट्रक केबिनसकट कारखान्यातून बाहेर पडतात. स्कॅनियाची एका मॉडेलची केबिन जगभर सारखीच. एकदा साचा बनवला की लाखभर प्रती काढा.

आता आपला ट्रक घ्या. टाटा १६१३, नाकवाला. आपण लहानपणापासून घाटात ज्याच्या मागं अडकत आलोय तो. कंपनीतून काय यायचं? चासी, इंजिन, चाकं, आणि पुढचं बोनेट-जाळीचं तोंड. बस्स. ड्रायव्हर उघड्यावर बसून, हेल्मेट नाहीतर गॉगल लावून ती चासी चालवत न्यायचा. तुम्ही हायवेवर असं बिनकेबिनचं धूड पळताना बघितलं असेल. ती जायची बॉडी बिल्डरकडे. जिमवाला नव्हे, ट्रकची बॉडी बांधणारा. तमिळनाडूतलं नामक्कल यासाठी देशभर प्रसिद्ध. पंजाब, राजस्थानातही मोठी केंद्रं आहेत, आणि आपल्याकडं हायवेलगत कितीतरी छोटे कारखाने. तिथं सुतार, वेल्डर आणि पेंटर मिळून केबिन आणि हौदा बांधायचे, मालकाच्या सांगण्याप्रमाणं. कांद्याचा ट्रक वेगळा, वाळूचा वेगळा, पेंढ्याचा वेगळा.

आपल्या एसटीचंही असंच. चासी कंपनीची, आणि बॉडी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळेत: दापोडी, चिकलठाणा, हिंगणा. म्हणून एसटीचे जाणकार नुसती गाडी बघून ती कुठल्या कार्यशाळेची ते सांगतात.

म्हणजे 'टाटा १६१३ चं मॉडेल' असं काही नसतंच. एका विशिष्ट माणसाच्या, विशिष्ट सुतारानं बांधलेल्या, विशिष्ट ट्रकचं मॉडेल असतं. साचा कुणाचा बनवणार?

जपानात बघा. तिथं ट्रक दिव्यांनी, चित्रांनी, स्टीलच्या पत्र्यांनी मढवायची हौस आहे, 'देकोतोरा' म्हणतात. प्रत्येक ट्रक वेगळा, तरी आओशिमा कंपनीची १:३२ मधली देकोतोरा किट आहेत. कारण १९७५ पासून 'तोराक्कु यारो' नावाचे सिनेमे आले, त्यातला हिरोचा ट्रक लोकांच्या मनात पक्का बसला, आणि त्या ठरावीक ट्रकचं किट निघालं. इथंही तेच: सजवलेल्या ट्रकचं मॉडेल करायचं तर आधी एक ट्रक निवडावा लागतो.

आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. 'ट्रक' बनवू नका, 'तो ट्रक' बनवा.

नंबर वाचायला शिका

निवडण्याआधी ओळखता यायला हवं. टाटाच्या नावातले आकडे उगाच नसतात. १६१३ मधले १६ म्हणजे मालासकट एकूण वजन, सुमारे १६ टन. १३ म्हणजे सुमारे १३० हॉर्सपॉवर. १२१० म्हणजे १२ टन, १०० हॉर्सपॉवर. शेवटी ४२ असेल तर पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर साधारण ४.२ मीटर. २०१८ मध्ये सरकारनं दोन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ वरून १८.५ टन केली, म्हणून त्यानंतरच्या अशा गाड्यांवर १८ नं सुरू होणारे आकडे दिसतात. नुसत्या बॅजवरून गाडीचा काळ कळतो.

काळ महत्त्वाचा, कारण त्यावर बारकावे ठरतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. तुमचं मॉडेल २००५ सालचं असेल तर ते मागं हवंच. काचेवर फास्टॅग चिकटवला तर गाडी अलीकडची. परावर्तक पट्ट्यांचा नियम पक्का आहे: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. पण १९९५ च्या ट्रकवर या पट्ट्या लावल्या तर जाणकार माणूस हसेल. म्हणून कामाला लागण्याआधी वहीत एक ओळ लिहा: कुठली गाडी, कुठला गाव, कुठलं साल.

मापं: इथंच सगळं आहे

मी १:२४ सुचवतो. एक तर या प्रमाणात परदेशी किटचे सुटे भाग वापरता येतात. दुसरं कारण मला फार आवडतं. एक फूट म्हणजे १२ इंच. त्याला २४ नं भागा. अर्धा इंच. म्हणजे १:२४ मध्ये एक फूट बरोबर अर्धा इंच! आणि आपले बॉडी बांधणारे मिस्त्री आजही फूट-इंचातच बोलतात. हौदा ८ फूट रुंद? मॉडेलमध्ये ४ इंच. १७ फूट लांब? साडेआठ इंच. कॅल्क्युलेटर नको, बीटेकही नको. चौथीतला भागाकार पुरतो.

चासी मात्र कारखान्याची, म्हणून मिलिमीटरमधली. ४.२ मीटरचं अंतर १७५ मिमी होतं. १०.००-२० मापाचा टायर उंचीला साधारण १,०५० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ४४ मिमीच्या आसपास. एकाच ट्रकमध्ये दोन मोजमापं: खाली मेट्रिक, वर फूट-इंच. खाली कंपनी, वर मिस्त्री. मापाची वही उघडली की हा सांधा स्पष्ट दिसतो.

आता मोजायचं कसं. उभा असलेला ट्रक गाठा, मालकाला नाहीतर ड्रायव्हरला विचारा, हँडब्रेक लावलेला आणि चाकांना दगड लावलेले आहेत ना ते बघा. गाडीखाली शिरू नका. टेप, वही आणि मोबाईल एवढंच लागतं. फोटो लांबून, झूम करून काढा. जवळून काढले तर मोबाईलची लेन्स गाडीचं नाक फुगवते. प्रत्येक बाजूच्या एका फोटोत फूटपट्टी धरलेली असू द्या, म्हणजे राहिलेलं माप नंतर फोटोवरून काढता येतं.

मी मोजलेल्या ट्रकचं सांगतो. जुन्नर भागातला, कांदे वाहणारा १६१३, मित्राच्या नात्यातल्या एका अण्णांचा. गाडी भंगारात जायची ठरली होती. मी टेप काढला तेव्हा अण्णा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "भंगारवाला बी एवढं मोजत न्हाई. वजन करतो आन् पैसं देतो."

अर्ध्या तासानं ते उठून आले. "हे मोजलं का?" असं विचारत एकेक गोष्ट दाखवायला लागले. सीटमागची झोपायची फळी. स्टोव्ह ठेवायची पेटी. डॅशबोर्डवरचा छोटा देव्हारा, त्याला महिरप कोरलेली. हौद्याच्या बाजूला दोर अडकवायचे हूक, त्यातले दोन नंतर बसवलेले, कारण त्या जागी ताडपत्री कायम फडफडायची.

मग मी दोन्ही दरवाजे मोजले. ड्रायव्हरकडचा दरवाजा दुसऱ्यापेक्षा सव्वा इंचानं रुंद निघाला. परत मोजला, तेवढाच. अण्णा म्हणाले, "तो दुसऱ्या गाडीचा हाये. खंबाटकीत एकानं घासला व्हता. मिस्त्रीनं भंगारातनं आणून बसावला. चौकट तासली आन् बसावला."

सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे नीट ऐका. आपण थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू काढतो आणि मिरर कमांड मारतो. एका क्लिकमध्ये दुसरी बाजू तयार. त्या एका क्लिकमध्ये खंबाटकीचा अपघात पुसला गेला असता. आपल्या ट्रकला मिरर चालत नाही. डावी बाजू मोजा, उजवी बाजू मोजा, आणि फरक आला तर का आला ते विचारा.

बांधणी: खालून वर

क्रम सोपा आहे, खरी गाडी जशी बनते तसाच. चासी, पाटे, चाकं, मग केबिन, मग हौदा.

चासीच्या दोन लांब पट्ट्यांसाठी स्टायरीनच्या पट्ट्या 'सी' आकारात जोडा. स्टायरीन म्हणजे मॉडेल किटचं प्लास्टिक. त्याचे शीट ऑनलाइन मिळतात. सनबोर्ड स्वस्त आहे, कापायला लोण्यासारखा, पण जाडी तपासा. ३ मिमीचा सनबोर्ड १:२४ मध्ये ७२ मिमी होतो, जवळजवळ ३ इंच! केबिनचा पत्रा ३ इंच जाड असतो का? बरीच घरगुती मॉडेल्स लांबून छान आणि जवळून 'ठोकळा' दिसतात ती यामुळं. मोठं, १:१४ चं मॉडेल करत असाल तर सनबोर्ड चालेल. १:२४ ला बाहेरून दिसणारी कड १ मिमी किंवा त्याहून पातळ हवी.

पाटे. स्प्रिंगचं खरं पान साधारण ७० मिमी रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये ३ मिमी. अर्ध्या मिलिमीटरच्या शीटच्या ३ मिमी पट्ट्या कापा, प्रत्येक पुढची थोडी आखूड, आणि बाटलीसारख्या गोल वस्तूवर वाकवून एकावर एक चिकटवा. पान मोजा, खऱ्या गाडीत जेवढी तेवढीच. जास्त माल भरायला मालक जादा पानं टाकून घेतात, तेही दिसू द्या.

चाकं. पुढं एकेक, मागं जोडी. पुढची डिस्क बाहेर फुगलेली दिसते, मागची आत खोल. जुन्या गाड्यांना पुढच्या टायरवर उभ्या रेघांची नक्षी आणि मागं जाड आडव्या ठोकळ्यांची. युरोपियन किटचे टायर मापाला जवळ येतात पण नक्षी वेगळी असते. थ्रीडी प्रिंटर वापरता येत असेल तर त्याचा खरा उपयोग इथं: डिस्क, टायर, हेडलाइटच्या कडा. अख्खी केबिन प्रिंट करू नका. लाकडाचं काम लाकडातच जिवंत दिसतं.

हौद्यासाठी कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या गोळा करा. त्या साधारण सव्वा मिलिमीटर जाड असतात, म्हणजे खऱ्या गाडीत ३० मिमीची फळी. अगदी बरोबर बसते. आइस्क्रीमची काडी त्या मानानं जाड पडते. लाकडाला फेविकॉल. फळ्यांमध्ये केसाएवढी फट ठेवा, कारण खऱ्या हौद्यात ती असते. फाळक्याला बिजागऱ्या आणि साखळी. साखळी इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानात सगळ्यात बारीक मागा.

दोन इशारे. काचेच्या आसपास फेविक्विक वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते आणि ती सहज जात नाही. काचेला फेविकॉल लावा, सुकल्यावर पारदर्शक होतो. आणि कटरचं पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरतं. स्टीलच्या पट्टीवर चार हलके हात मारा, एक जोराचा नको. घासताना मास्क, रंगवताना खिडकी उघडी.

रंग, अक्षरं आणि धूळ

आधी प्रायमर, मग रंग. ॲक्रिलिक चालतात, दोन-तीन पातळ थर.

अक्षरांवर थांबायला हवं. ट्रकमागची अक्षरं म्हणजे फॉन्ट नाही, पेंटरचा हात आहे. कॉम्प्युटरमधला देवनागरी फॉन्ट लावलात की मॉडेल तिथंच मेलं. खऱ्या पाटीचा समोरून फोटो घ्या, सरळ करा, इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गिरवा, आणि पाण्यानं सुटणाऱ्या डिकल पेपरवर छापा. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या अक्षरांसाठी पांढरा डिकल पेपर घ्या. मोठी अक्षरं मात्र हातानं करून बघा. ६ इंचाचं अक्षर मॉडेलमध्ये ६ मिमीचं होतं. तीन शून्याच्या ब्रशनं जमतं. नंबरप्लेटवर खरा नंबर टाकायचा तर मालकाला विचारून टाका.

आणि झिजवणं. इथं हात आवरा. नव्यानं शिकणारे सगळीकडं गंज फासतात. गंज लोखंडाला येतो. लाकूड गंजत नाही. ते करडं पडतं आणि चिरतं. रंग कुठं उडतो? जिथं माणसाचा हातपाय लागतो तिथं: पायरी, दरवाजाची कड, फाळक्याची कडी. काजळी सायलेन्सरच्या तोंडामागं. डिझेलचा ओघळ टाकीच्या झाकणाखाली. धुळीचा रंग गावाप्रमाणं: कोकणातला ट्रक चाकांपाशी तांबडा, घाटावरचा काळसर-राखाडी. खडूची पूड कोरड्या ब्रशनं लावली की काम होतं. मग सगळ्यात शेवटी लिंबू-मिरची, आणि बंपरखाली लटकणारी काळी चप्पल.

हे आत्ताच का

आता जरा गंभीर. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना एसी केबिन बंधनकारक आहे. नियम चांगलाच आहे. मे महिन्यात इंजिनशेजारी बसून दहा-बारा तास गाडी हाकणाऱ्या माणसाला थंड हवा मिळायलाच हवी. त्यात दुमत नाही. लाकडी केबिन सुंदर दिसते ती आपल्याला, बाहेरून. आत बसणाऱ्याला ती भट्टी होती. अण्णांनीच सांगितलं, "पाय भाजायचे."

पण बंद, कारखान्यात बनलेल्या केबिनचं चलन गेली काही वर्षं वाढतंच होतं, आणि आता सुतारानं बांधलेली केबिन रस्त्यावरून जाणार. तिचं ड्रॉइंग सहसा नसतं. कंपनीकडं चासीचे नकाशे असतील. केबिन मिस्त्रीच्या डोक्यात असते. अण्णांच्या गाडीचा मिस्त्री वारला. गाडीही आता नाही, तिचं लोखंड वितळून कुठंतरी सळ्या झाल्या असतील. राहिली आहेत वहीची एकवीस पानं आणि ते साडेबारा इंचाचं मॉडेल.

मॉडेल अण्णांना दाखवायला नेलं होतं. रंगाबद्दल काही बोलले नाहीत. आधी मोठा दरवाजा बघितला, मग खाली वाकून पुढचे पाटे मोजले. मग म्हणाले, "ड्रायव्हर साईडचं एक पान तुटल्यालं व्हतं. गाडी जराशी बसायची." मी घरी येऊन त्या बाजूचं एक पान अर्ध्यात कापलं. आता मॉडेल टेबलावर किंचित उजवीकडं कललेलं उभं असतं. घरी येणारे सांगतात, "अरे, हे तिरकं झालंय." मी म्हणतो, "माहितीये."

तर मंडळी, गृहपाठ. साहित्य लगेच मागवू नका. या रविवारी एक ट्रक शोधा, जुना, लाकडी केबिनचा. गावाकडं, बाजार समितीच्या आवारात, गॅरेजच्या मागं एखादा सापडेल. परवानगी घ्या. ही दहा मापं वहीत उतरवा: हौद्याची लांबी, रुंदी, उंची, दोन आसांतलं अंतर, टायरची उंची, केबिनची उंची आणि रुंदी, दोन्ही दरवाजे, वेगवेगळे, आणि जमिनीपासून बंपर. ड्रायव्हरला चहा पाजा आणि विचारा, कुठं बांधली, कुणी बांधली, मग काय काय बदललं. ते मापांच्या शेजारीच लिहा.

मॉडेल दोन वर्षांनी बनवलंत तरी चालेल. ट्रक तेवढे दिवस थांबेलच असं नाही.

पुढच्या भागात फक्त पाटे आणि चाकं, अगदी पट्टी-पट्टीनं. तोपर्यंत भेटू, आणि हो, रात्री डिपर वापरा.